करणाऱ्याचं नाव

आमच्या शेजारच्या गजभियेकाकांपुढे पोह्यांची बशी ठेवली, की ते चमचा उचलत नाहीत, पेन उचलतात.

हे मला माहीत नव्हतं. आम्ही नवीन राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात काका भेटायला आले. मी तर्री-पोहे केले होते. काकांनी बशी जरा दूर सरकवली, खिशातून छोटी डायरी काढली आणि विचारलं, "पोहे कोणं केले?"

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"कांदा कोणं चिरला?"

"प्रशांतनं." प्रशांत म्हणजे माझा नवरा. तो तिथेच बसून हसत होता.

"अन् तर्री?"

आता आली का पंचाईत. तर्री, म्हणजे पोह्यांवरचा तो झणझणीत रस्सा, सासूबाईंची होती. आदल्या दिवशीची उरलेली, मी फक्त गरम केली होती. ते मी सांगितलं, जरा हळूच. पण आमच्या सासूबाईंचे कान आतल्या खोलीतही ताठ असतात.

"म्हणजे पोहे तिघांचे," काकांनी लिहिता लिहिता निकाल दिला. "सहकर्तृत्व."

मग त्यांनी तारीख टाकली, तीन नावं लिहिली, डायरी मिटली आणि गार झालेले पोहे चवीनं खाल्ले. मी गरम करून देते म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या मॅडम. पोहे थंडे बी खाता येते. नाव मागून लावता येत नाही."

मी दोन दिवस धुसफुसत होते. सासूबाई मात्र त्या दिवसापासून काकांच्या पक्षात गेल्या त्या गेल्याच. पस्तीस वर्षं त्यांनी तर्री केली, पण तिच्याखाली त्यांचं नाव कोणी लिहिलं नव्हतं. पुढे लोणचं घातलं तरी त्या पहिली वाटी काकांकडे नेऊन देत. चाखायला नाही, नोंदवायला.

देवराव गजभिये एका सरकारी संशोधन संस्थेत टायपिस्ट म्हणून लागले आणि त्याच विभागातून सेक्शनचे मुख्य होऊन निवृत्त झाले. साहेब लोक शोध लावायचे आणि तो शोध कोणाचा, हे सांगणारे पेटंटचे अर्ज काका टाइप करायचे. त्या अर्जात शोध करणाऱ्यांच्या नावांचा एक रकाना असतो. काकांचा सारा जन्म त्या रकान्याच्या काठावर गेला. निवृत्तीनंतर त्यांनी दारावर पाटी लावली: "शोध, नक्षी (डिझाइन), व्यापारी नाव, गाणे यांच्या हक्काची माहिती विनामूल्य मिळेल. चपला बाहेर काढाव्या."

आणि लोक येत. कोणाला चकल्यांच्या पाकिटावरचं नाव नोंदवायचं असे, कोणाला वाटे की आपल्या कुलरची जाळी दुसऱ्यानं चोरली. कॉलेजचे प्राध्यापक येत, दुकानदार येत, गाणी म्हणणारी मंडळं येत. काका सगळ्यांना आधी एकच प्रश्न विचारत, "करणारा कोण?" आणि गंमत म्हणजे याच प्रश्नावर सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटे.

त्यावर काकांचा एक सिद्धांत होता. तो ते हाताचं एकेक बोट दुमडत सांगत. "सरकारी हापिसात शोध खुर्चीचा असते. कॉलेजात प्राचार्याचा असते. दुकानात गल्ल्यावर बसन त्याचा असते. बचत गटात सगळ्यायचा असते, म्हणजे कोणाचाच नाही. अन् घरात केलं बाईनं असते, सांगते नवरा."

या जगात त्यांना एकच जात हुशार वाटे, ती म्हणजे वस्तीतले गाणी रचणारे. "पाहा," ते म्हणत, "शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफूनच टाकते माणूस. गाणं जिथं जाईन तिथं नाव संगं जाते. काढाले गेलं तर चालच तुटते. याच्यावर कोणाचं पेटंट हापिस जाईन का?"

करणाऱ्याच्या नावाचा हा प्रश्न त्यांनी एकदा माझ्यावरही रोखला. मी शाळेत चित्रकला शिकवते. शाळेच्या भिंतीवर मी महिनाभर खपून मोठं चित्र काढलं होतं, आणि खाली ‘मुख्याध्यापकांच्या प्रेरणेने’ असं रंगवलं होतं. काका ते बघायला मुद्दाम आले. चित्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, खालचीच ओळ वाचली. "प्रेरणेनं ब्रश धरला का वं?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव टाकलं. मुख्याध्यापकांना ते अजून दिसलेलं नाही, पण मला रोज दिसतं.

काकांच्या घरी कपाटावर एक निळी फाईल असे. तिच्यावर त्यांच्या सुबक अक्षरात एकच शब्द लिहिला होता, ‘प्रलंबित’. तिला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मी विचारलं तर म्हणाले, "एकच केस राहिली हाय माह्याकडं. बाकी सगळ्या निकाली निघाल्या." दर रविवारी ही फाईल पिशवीत घालून ते सीताबर्डीहून शहराबाहेरच्या वाडीची बस धरत. तिथे नामदेव नावाचा त्यांचा जुना मित्र राहतो, संस्थेतलाच. दुपारी परत येत ते चेहरा पाडून. ‘भेट झाली का?’ म्हटलं की म्हणत, "आज नाही जमलं." ही गोष्ट दोन वर्षं चालली होती. काकू हयात नव्हत्या, मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला. त्यांना बोलतं करणारं घरात कोणी नव्हतं.

मग आमच्या भागातल्या बायकांच्या बचत गटानं तो दुपट्टा शिवला.

नागपूरच्या उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, आणि जुनी माणसं ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवतात. गटातली प्रमिला दुपारच्या उन्हात चार घरी स्वयंपाकाला जाते. कमरेला खोचलेला कांदा तिच्या वाटेत पडे. तिनं एक दिवस दुपट्ट्यालाच, बरोबर कानामागं येईल असा, कांद्याचा खिसा शिवला. वर एक झडप लावली, म्हणजे वास डोक्यात शिरू नये. टोकांना बंद लावले, म्हणजे गाडीवर सुटू नये. तो दुपट्टा गटातल्या सगळ्यांनी करून पाहिला आणि बघता बघता अख्ख्या कॉलनीच्या बायका कानामागं कांदा लावून हिंडू लागल्या. सुरुवातीला मी हसले. मे महिन्यात मीही शिवून घेतला.

गांधीबागेतल्या एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्यापर्यंत तो पोचला. त्यानं गटाला मोठी ऑर्डर देऊ केली, पण अट घातली: लेबल त्याचं लागेल आणि नक्षी त्याच्या दुकानाची आहे असं गटानं लिहून द्यायचं. गटाच्या अध्यक्ष मंदाताई तो कागद घेऊन काकांकडे आल्या. काकांनी कागद वाचला आणि सगळ्या गटाला समाजभवनात बोलावलं. लेबलाचं चित्र काढायचं काम माझ्याकडे येणार होतं, म्हणून मीही गेले.

"सही करायची नाही," काकांनी सांगितलं. "नक्षीचा अर्ज आपण गटाच्या नावानं करू. मालक गट. पण लेबलावर करणारीचं नाव पायजे. करणारी कोण?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मंदाताई म्हणाल्या, "काका, गटात मी-माहं नसते. सगळ्यायनं मिळून केलं."

"मालक वेगळा, करणारा वेगळा," काका म्हणाले. "लेकरू अख्ख्या घराचं असते वं मंदा, पण बाळंतपण कोणाचं झालं?"

बायका खो खो हसल्या. मंदाताईही हसल्या आणि म्हणाल्या, "ते त प्रमिलाचंच झालं बाप्पा." सगळ्यांच्या माना मागं वळल्या. प्रमिला दाराशी, चपलांजवळ बसली होती. ती पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "राहू द्या ना काका. मले नाही पायजे. माह्या नावावाचून कोणाचं काय अडून राहिलं?"

काका लिहिता लिहिता थांबले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "असंच म्हणे तो बी," ते पुटपुटले, आणि छत्री घेऊन सभा अर्धी टाकून घरी निघून गेले. चपला मात्र मंदाताईंच्या घालून गेले. त्या परत आणायला मला जावं लागलं.

नाव लावायचं हे गटानं मग आपसूकच ठरवलं. काकांचा चेहरा पाहून मंदाताईंना राहवेना.

व्यापाऱ्याकडे काका, मंदाताई आणि मी असे तिघे गेलो. गांधीबागेतलं ते दुकान, पांढऱ्या गाद्या, कापडाच्या गठ्ठ्यांच्या भिंती. शेटजी मोठे गोड माणूस. चहा पाजला, आपल्या लेबलाची अट सोडली आणि म्हणाले, "देखो काका, गट का नाम डालो, अपने को कोई दिक्कत नहीं. पर किसी प्रमिला का नाम काहे को? गिऱ्हाइक को उससे क्या करना है?"

चहा कोणी केला हे विचारायचं काकांनी त्या दिवशी सोडून दिलं, यावरूनच मी ओळखलं की ते पेटले आहेत. त्यांनी गादीच्या वर भिंतीकडे बोट केलं. तिथे फोटो होता, फोटोला हार होता, आणि दुकानाच्या पाटीवरही तेच नाव होतं.

"हे कोण?" काकांनी विचारलं.

"दादाजी. दुकान उन्होंने डाली. सायकल पे कपडे के थान बेचते थे."

"त्यायले जाऊन किती वर्षं झाले?"

"चालीस हो गए होंगे."

"मग गिऱ्हाइकाले त्यायच्याशी काय करायचं हाय शेटजी? काढून टाका पाटी."

शेटजींनी फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग बराच वेळ चहाच्या कपात पाहिलं. "डाल दो," ते म्हणाले. "पर छोटा डालना."

मी छोटंच लिहिलं. गटाच्या नावाखाली, ‘नक्षी : प्रमिला’. दुपट्ट्यांची पहिली खेप तयार झाली तेव्हा प्रमिला एक दुपट्टा घेऊन काकांकडे आली. मी तिथेच होते. ती लेबलावरून अंगठा फिरवत उभी होती. म्हणाली, "काका, माह्या सासूनं हे तीनदा वाचून घेतलं माह्याकडून. मंग म्हणे, आता शेजारणीले बी वाचून दाखव." आणि एवढं बोलून ती रडायला लागली. नको नको म्हणणारी हीच ती बाई.

ती गेल्यावर काकांनी तो दुपट्टा घडी घालून ठेवला. मग उठून त्यांनी कपाटावरची निळी फाईल काढली आणि माझ्या हातात दिली. "वाच, सुजाता," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली ती पहिल्यांदाच.

आत एकच कागद होता. टाइप केलेल्या अर्जाची पिवळी पडलेली कार्बन प्रत. शोध करणाऱ्यांच्या रकान्यात तीन नावं होती. दोन साहेबांची, आणि तिसरं, नामदेव सखाराम ढोके.

नामदेव संस्थेच्या वर्कशॉपमध्ये काचेचं काम करायचा. भट्टीवर काच तापवून नळ्या वाकवायचा. साहेबांनी पाणी तपासायचं एक यंत्र केलं होतं, पण त्याच्या नळीत हवेचे बुडबुडे अडकत आणि आकडा दरवेळी चुकत असे. सहा महिने साहेब कागदावर गणितं करत होते. नामदेवनं एक दिवस नळीची मानच जरा वाकडी केली आणि तिथे एक फुगीर गोळा काढला. बुडबुडे त्यात जाऊन बसले. यंत्र चालू लागलं.

"मीनं तीन नावं टाइप केले," काका सांगत होते. "साहेबानं पायलं. म्हणे, कारागिराचं काम वेगळं, संशोधकाचं वेगळं. पुन्हा टाइप करा. माही बढतीची फाईल त्याच टेबलावर होती. मीनं काही म्हटलं नाही. पुन्हा टाइप केलं, दोन नावं. पयला कागद फाडाचा होता, तो फाडला नाही. तेवढंच."

"आणि नामदेवकाका?"

"तो काय, त्याले कोण सांगते? मी एकदा गोल गोल बोललो, त म्हणे, माह्या नावावाचून काय अडते. रिटायर होईपर्यंत आम्ही एका डब्यात जेवलो. मी सगळ्या नागपूरले विचारत हिंडतो, करणारा कोण. अन् हे दोन वर्षांपासून वाडीच्या स्टॉपवर उतरतो, पानठेल्यापर्यंत जातो अन् वापस येतो."

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. ज्या माणसानं माझ्या पोह्यातला कांदा सोडला नाही, त्यानं हे केलं होतं. पण समोर बसलेला म्हातारा इतका केविलवाणा दिसत होता की रागाला उभं राहायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, "या रविवारी बस नाही. माझ्या गाडीवर चला."

अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या रांगांमधून मी गाडी काढत होते आणि काका मागे फाईल पोटाशी धरून बसले होते. डोक्याला प्रमिलाचा दुपट्टा, कानामागं कांदा. पानठेला आला तसे ते म्हणाले, "इथं थांबव जराशी." मी थांबवली नाही.

ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. नामदेवकाका खाटेवर बसले होते. किडकिडीत अंग, जाड भिंगांचा चष्मा, बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. काकांना पाहून ते सरकून बसले आणि म्हणाले, "ये गा देवराव. रस्ता सापडला म्हणायचा तुले. पानवाला सांगत होता, एक माणूस दर रविवारी येऊन वापस जाते म्हणून."

काका खाटेच्या कडेवर टेकले. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. फाईल उघडली आणि ती तीन नावं मोठ्यानं वाचली.

"परत वाच," नामदेवकाका म्हणाले.

काकांनी परत वाचली.

नामदेवकाकांनी कागद घेतला, चष्म्याच्या अगदी जवळ नेला, आणि ओळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ती नळी अजून चालते का?"

"चालते. तशीच बनवते अजून."

"मानेपाशी फुटत त नाही? तिथं काच पातळ होते."

"नाही फुटत."

"मग ठीक हाय." ते म्हणाले. "मले मालूम होतं देवराव. त्या दिवशी तू डब्यात गुलाबजाम आणले होते. तू जन्मात कधी गोड आणलं नव्हतं. मी म्हटलं, यानं काहीतरी केलं."

काका मान खाली घालून म्हणाले, "तुहं नाव मीनं काढलं नामदेव."

"काढलं त साहेबानं."

"नाही. बोटं माहीच होते."

बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत राहिला. "वाईट वाटलं होतं मले," नामदेवकाका म्हणाले. "नावाचं नाही. तू सांगशीन म्हणून वाट पायली, त्याचं." मग त्यांनी कागद काकांच्या मांडीवर ठेवला. "हा टाइप कोणं केला?"

"मीनंच."

"अन् तो दुसरा?"

"तो बी मीनंच."

"मग काढ तुहा पेन. याच्या खाली तुहं नाव लिह्य. करणाऱ्याचं नाव पायजे म्हणते ना तू?"

काकांनी पेन काढलं. हात इतका थरथरत होता की नामदेवकाकांनी त्यांचं मनगट धरलं. काच वाकवणारा तो हात स्वतःही थरथरत होता, पण दोघांची मिळून सही बऱ्यापैकी सरळ आली. मग नामदेवकाकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि तो कागद त्याच खिळ्याला टोचून टाकला. ‘प्रलंबित’ फाईल रिकामी झाली.

तेवढ्यात आतून पोहे आले. नामदेवकाकांच्या सुनेनं बश्या पुढे ठेवल्या. काकांनी बशी घेतली, सरळ चमचा उचलला आणि खाऊ लागले. डोळ्यांतलं पाणी पोह्यांत पडत होतं, तरी खात होते. मी वाट पाहिली. त्यांच्या काही लक्षात येईना.

मग मीच पिशवीतून पेन काढलं आणि विचारलं, "पोहे कोणी केले?"